नजरेचं माप कागदावर कसं उतरवायचं?

वहीतलं_पान :

नमस्कार. घरातल्या आजींचा स्वयंपाक लिहून ठेवायचा आहे. वय ८२. सगळं नजरेच्या आणि हाताच्या मापानं चालतं. किती घालायचं विचारलं तर "लागेल तेवढं", कधीपर्यंत परतायचं विचारलं तर "कळतं आपोआप". करायला लागल्या की एकही पायरी चुकत नाही, पण नुसतं बसून सांगायला लावलं की मधेच अडखळतात. अर्ध्या तासाहून जास्त उभं राहणं आता झेपत नाही.

आतापर्यंत केलेलं असं : दर वेळी त्यांचा हात थांबवून चमच्यानं मोजलं. त्यानं त्यांची लय तुटते, त्या वैतागतात आणि पदार्थही बिघडतो. मोबाइलवर चित्रण केलं, पण वाफेनं काच धुरकट होते आणि नेमकं मूठ उघडताना काही दिसत नाही. लिहिलेल्या मापानं दुसऱ्या कुणी करून पाहिलं तर चव जवळपाससुद्धा येत नाही.

विचारायचं आहे ते हे. त्यांना न थांबवता मोजमाप कसं घ्यायचं? जे मोजता येत नाही (वास, आवाज, हाताला लागणारा मऊपणा) ते कोणत्या शब्दांत लिहायचं? आठवणीतलं काढून घ्यायचं तर प्रश्न कसे विचारायचे? आणि दहा माणसांचं प्रमाण दोघांपुरतं करताना नुसतं पाचानं भागून चालतं का?


तोळामासा :

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. हातातून पडणारं मोजायला जाऊ नका. डबा मोजा.

स्वयंपाकाआधी लागणारा प्रत्येक डबा, बरणी, तेलाची बाटली झाकण काढून काट्यावर ठेवायची आणि वजन लिहायचं. मग त्या हवं तसं, हवं तितकं घेऊ देत. शेवटी तेच डबे पुन्हा काट्यावर. जो फरक येईल तेवढं पदार्थात गेलं. मीठ घेताना अनुभवी माणूस तीन बोटांची चिमूट उचलतो, पातेल्यावर बोटं चोळत सोडतो आणि बोटांना चिकटलेलं परत डब्यात झटकतो. चिमूट वाटीत टाकायला लावून मोजली की ते झटकलेलं मीठही हिशेबात येतं. डबा मोजला की पातेल्यात पडलं तेवढंच उरतं, आणि आजींना तुम्ही मोजताय हे जाणवतही नाही.

पाण्याचंही तसंच. दोन लिटरचा जग भरून ठेवा आणि पाणी त्यातूनच घ्यायला सांगा. एक मिलिलिटर पाणी म्हणजे एक ग्रॅम, त्यामुळे वेगळं माप लागत नाही. तेल हलकं असतं, एक मिलिलिटरचं साधारण ०.९२ ग्रॅम. बाटली ४६ ग्रॅमनं उतरली म्हणजे ५० मिलिलिटर तेल गेलं. भाजी सोलण्याआधी आणि सोलल्यानंतर अशी दोनदा तोला आणि वहीत कोणतं वजन लिहिलंय ते स्पष्ट करा. पुढे करणाऱ्याचा तिथे नक्की गोंधळ होतो.

आता काट्याविषयी. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा, ५ किलोपर्यंत पेलणारा साधा इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. त्याच्या खोडी मात्र माहीत हव्यात. बरेच काटे दोनेक मिनिटं हात लागला नाही की बंद पडतात आणि शून्य केलेलं वजन विसरतात. म्हणून पातेलं काट्यावर ठेवून एकेक जिन्नस टाकत जायची पद्धत इथे उपयोगाची नाही. दुसरी खोड म्हणजे चिमूट चिमूट करून हळूहळू टाकलेलं काही काटे नोंदवतच नाहीत. छोटा फरक ते शून्याच्या आसपासची थरथर समजून गिळून टाकतात. मिठाची बरणी उचलून पुन्हा ठेवली की हा प्रश्न राहत नाही, तो पूर्ण वजन नव्यानं घेतो. तिसरी गोष्ट, गरम पातेलं थेट ठेवू नका. आधी लाकडी पाट किंवा जाड फळी ठेवून शून्य करा, मग पातेलं ठेवा. मोठं पातेलं आकड्यांवर सावली धरतं, तर फळीखाली एक वाटी पालथी घाला म्हणजे उंची मिळेल. काटा कठीण, सपाट जागी हवा. खाली टेबलक्लॉथ असला तरी वजन हलतं.

सगळ्यात मोलाचं वजन लोक घेतच नाहीत, ते म्हणजे तयार पदार्थाचं. रिकाम्या पातेल्याचं वजन आधी लिहून ठेवा (डाव आत राहणार असेल तर डावासकट), आणि गॅस बंद केल्यावर भरल्या पातेल्याचं घ्या. किती आटलं हे त्या एका आकड्यावरून कळतं. नाहीतर "मध्यम आचेवर वीस मिनिटं" या वाक्याला काही अर्थ नाही. प्रत्येकाची मध्यम आच वेगळी असते.

मूठ आणि चमचा. मूठ पाच वेळा भरून रिकामी करायला सांगा, पाचही वजनं लिहा, सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त दोन्ही ठेवा. घरातला चमचा ५ मिलिलिटरचाच असेल असं गृहीत धरू नका, पाण्यानं काठोकाठ भरून तोला. वाटीचंही तसंच. बारीक मीठ ५ मिलिलिटरच्या सपाट चमच्यात साधारण ६ ग्रॅम बसतं, जाडं मीठ त्याहून कमी. म्हणून मिठाच्या बाबतीत "एक चमचा" हे माप कागदावर येऊच देऊ नका.

एक पदार्थ किमान तीन वेळा असा मोजा. एकदा मोजून लिहिलेलं त्या दिवसापुरतंच खरं असतं.


मंद_आच :

तोळामासा यांनी वजनाचं सांगितलं. मी थांबायच्या खुणांबद्दल लिहिते. "कळतं आपोआप" यात टाळाटाळ नसते. कळतं ते कान, नाक आणि हाताला, आणि तोंडाला ते सांगायची सवय नसते. म्हणून विचारायचं तर करतानाच, त्याच क्षणी, आणि "कधी झालं?" असं नाही तर "आत्ता कशाकडे बघताय?" असं विचारायचं. उत्तर एका शब्दात येईल. तो शब्द जसाच्या तसा लिहा, सुधारू नका.

कांदा परतण्याचं उदाहरण घ्या. सुरुवातीला आवाज मोठा आणि ओला असतो, कारण कांद्यातलं पाणी उकळून उडत असतं. पाणी आहे तोवर कांद्याचं तापमान १०० अंशांच्या फारसं वर जात नाही आणि रंगही येत नाही. मग आवाज हळूहळू बारीक होतो, कडेचं तेल वेगळं दिसायला लागतं, आणि तिथून पुढे रंग भराभर चढतो. पहिला टप्पा दहा मिनिटं घेईल आणि पुढचा दोन. म्हणजे वहीत "बारा मिनिटं परता" असं लिहिलंत तर करणारा हमखास करपवणार. "आवाज बारीक झाला की जागचं हलू नका" असं लिहिलंत तर जमेल. कांद्यावर आधी मीठ घातलं तर पाणी जास्त सुटतं आणि रंग उशिरा येतो, म्हणून मीठ कधी पडलं तेही नोंदवा. किती पडलं याच्याइतकंच ते महत्त्वाचं आहे.

इथे वयाची एक बाजू आहे. उतारवयात डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं आणि आत प्रकाशही कमी पोचतो. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश प्रकाश पडतो. त्यामुळे फिक्या बदामी आणि गडद बदामी रंगातला फरक अंधाऱ्या ओट्यावर त्यांना कळेनासा होतो. ऐकू येण्यातही उंच पट्टीचे बारीक आवाज आधी जातात, म्हणजे नेमका तो "बारीक झालेला" आवाज. पदार्थ अलीकडे जास्त भाजला जात असेल तर आधी ओट्यावरचा दिवा वाढवा. हात चुकतोय असं लगेच ठरवू नका. टप्प्याटप्प्याचे फोटो घेणार असाल तर शेजारी पांढरी बशी ठेवा आणि दर वेळी तोच दिवा लावा, नाहीतर दोन फोटोंतले रंग ताडून बघता येत नाहीत. मोबाइल पातेल्याच्या वर धरू नका. बाजूला, खांद्याच्या उंचीवर, हाताच्या दिशेनं ठेवा म्हणजे वाफ लागणार नाही. खरं तर चित्रणापेक्षा नुसतं ध्वनिमुद्रण जास्त उपयोगी पडतं. काय चाललंय ते तुम्ही मधेमधे बोलत राहा, वेळ आपोआप नोंदली जाते.

दाटपणासाठी डाव उलटा करून त्यावर बोटानं रेघ ओढा. रेघ टिकली, की लगेच मिटली, की मिटायला वेळ लागला, तेवढंच लिहा. पण हे गरम असतानाच बघायचं. पिठूळ किंवा डाळीचा पदार्थ निवताना आणखी घट्ट होतो, त्यामुळे जेवायच्या वेळचा दाटपणा वहीत लिहिला तर पुढचा माणूस गॅसवरच लगदा करून ठेवतो.

कणकेत आणखी एक फसगत आहे. मळून झाल्या झाल्या हाताला जो घट्टपणा लागतो तो वीस-तीस मिनिटं झाकून ठेवल्यावर राहत नाही, कारण पीठ पाणी पीत राहतं आणि गोळा सैलावतो. म्हणून घट्टपणा दोनदा नोंदवा, मळल्यावर आणि मुरल्यावर. पिठाचं आणि पाण्याचं वजन लिहिलं तरी नवीन पिठाला पाणी थोडं कमी-जास्त लागणारच, तेव्हा अखेरचा कौल हाताचा.


वहीतलं_पान :

तोळामासा, डबा मोजायची पद्धत लगेच करून पाहिली. आजींना पत्ताही लागला नाही. पण आकडे बघून गोंधळ झाला आहे. तीच डाळ, तेच पातेलं, तीन दिवस. मीठ पहिल्या दिवशी ११ ग्रॅम, दुसऱ्या दिवशी १७, तिसऱ्या दिवशी १४. एवढा फरक? खाणाऱ्यांना तिन्ही दिवशी चव सारखीच वाटली. यातलं कोणतं लिहायचं, की सरासरी काढायची?


तोळामासा :

सरासरी काढू नका. तिन्ही दिवसांचं तयार डाळीचं वजन घेतलं होतं का? असेल तर द्या.


वहीतलं_पान :

घेतलं होतं. अनुक्रमे ११८० ग्रॅम, १६४० ग्रॅम आणि १३९० ग्रॅम. (पातेलं वजा करून.)


तोळामासा :

मग भागाकार करा. ११ भागिले ११८० म्हणजे ०.९३ टक्के. १७ भागिले १६४० म्हणजे १.०४. १४ भागिले १३९० म्हणजे १.०१. तीन दिवस डाळ वेगवेगळ्या वजनाची झाली आणि मीठ तिन्ही दिवशी वजनाच्या एक टक्क्याच्या आसपासच राहिलं. हात जराही हललेला नाही.

तुमच्या लिहिलेल्या मापानं दुसऱ्याची चव का जुळत नव्हती ते इथे दिसतं. आजी मीठ मोजत नाहीत, पातेल्यात किती आहे ते बघून त्या प्रमाणात घालतात. तुम्ही एका दिवसाचा आकडा उचलून दुसऱ्या दिवसाच्या पातेल्यात टाकत होता. वहीत "मीठ १४ ग्रॅम" लिहू नका. "तयार पदार्थाच्या वजनाच्या १ टक्का" असं लिहा आणि शेजारी तयार पदार्थाचं अपेक्षित वजन द्या. पाण्याचंही असंच करा : किती ओतलं यापेक्षा अखेरीला किती उरायला हवं.


सावकाश :

मिठाच्या त्या एक टक्क्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं.

वयानं वासाची जाण कमी होते. ऐंशीच्या पुढे निम्म्याहून जास्त लोकांत ती लक्षणीय घटलेली असते, आणि बहुतेकांना स्वतःला ते जाणवत नाही. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग वासाचा असल्यामुळे सगळंच अळणी, बेचव वाटतं आणि हात मिठाकडे जातो. तोंड कोरडं पडणं, टाळू झाकणारी कवळी, रक्तदाबाची किंवा मधुमेहाची काही औषधं, यांचीही त्यात भर पडते. तेव्हा आज मोजलेलं मीठ हे वीस वर्षांपूर्वीचंच असेल असं नाही. पडताळायचं असेल तर तीच डाळ मीठ न घालता तीन वाट्यांत काढा, ०.७, ०.८५ आणि १ टक्का मीठ घाला (२०० ग्रॅम डाळीला १.४, १.७ आणि २ ग्रॅम. हे साध्या काट्यावर नीट येत नाही, ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा लागेल) आणि कुठली किती ते न सांगता वेगवेगळ्या वयाच्या तीन-चार जणांना द्या. तरुणांना ०.८५ आवडली आणि आजींना १, तर वहीत दोन्ही लिहा. त्यांची चव त्यांच्या नावानं राहू द्या.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. एक टक्क्याच्या डाळीची २५० ग्रॅमची वाटी म्हणजे त्यातले अडीच ग्रॅम एका वाटीतच गेले. कमी करायचं तर एकदम नको, दर आठवड्याला थोडं थोडं. शिजताना घातलेल्या मिठातलं थोडं राखून अखेरीला वरून पेरलं तर जिभेला जास्त लागतं. लिंबासारखा आंबटपणाही मदत करतो. पोटॅशियम असलेलं "कमी सोडियमचं" मीठ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबाची काही विशिष्ट औषधं चालू असतील तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकतं.

आता आठवणींकडे. बसून सांगताना अडखळणं आणि करताना न चुकणं यात विसंगती काही नाही, या दोन वेगळ्या स्मृती आहेत. हाताला बसलेली कृती मेंदूच्या वेगळ्या भागांत साठते आणि शब्दांत सांगायच्या स्मृतीपेक्षा जास्त काळ टिकते. म्हणून "कृती सांगा" असं म्हणण्याऐवजी हातात काहीतरी द्या. रिकामं पातेलं आणि डाव दिला तरी चालतो. हात फिरायला लागला की शब्द मागोमाग येतात. उभं राहवत नसेल तर बैठकीच्या उंचीचं टेबल घ्या, दोन्ही कोपर टेकतील असं.

प्रश्नांचं साधं तंत्र असं : आठवून सांगण्यापेक्षा ओळखणं सोपं असतं. "पीठ कसलं वापरायचात, आठवतंय का?" ही परीक्षा झाली. त्यात माणूस आक्रसतो. दोन बशांत बारीक आणि भरड असं दोन्ही ठेवा आणि "यातलं कुठलं?" विचारा. बोट लगेच एकीकडे जाईल. एका वेळी एकच प्रश्न, आणि उत्तरासाठी पंधरा-वीस सेकंद गप्प राहायची तयारी ठेवा. ती शांतता आपल्यालाच जड जाते, आपण मधे बोलतो आणि धागा तुटतो. सकाळची वेळ धरा, अर्ध्या तासावर बैठक नेऊ नका.

वासाचा उपयोग करा. बहुतेकांच्या सगळ्यात ठळक आठवणी साधारण १० ते ३० वर्षं वयातल्या असतात, पण वासानं जागी होणारी आठवण बऱ्याचदा त्याहूनही मागची, पहिल्या दहा वर्षांतली निघते. बालपणीच्या स्वयंपाकघराबद्दल विचारायचं असेल तर आधी एखादा जिन्नस भाजायला घ्या, प्रश्न नंतर. एकाच पदार्थाच्या दोन आठवणी एकमेकींशी जुळल्या नाहीत तर खोडू नका. माहेरचं वेगळं, नंतरचं वेगळं, टंचाईतलं वेगळं, असं खरोखरच असतं. शेजारी काळ लिहून दोन्ही ठेवा. मागे वळून आयुष्य उलगडण्याला पूर्वी म्हातारपणाची रडकथा समजत. १९६३ मध्ये रॉबर्ट बटलर या मनोविकारतज्ज्ञानं ती उतारवयातली स्वाभाविक आणि गरजेची प्रक्रिया असल्याचं मांडलं. तेव्हा मापं विचारताना गोष्ट निघाली तर मापांकडे ओढून आणू नका, ती गोष्टही वहीत जाऊ द्या. डोळे भरून आले तर त्या दिवशी वही मिटा.

एक गोष्ट मात्र दुर्लक्ष करण्यासारखी नाही. एखादं नाव, एखादा जिन्नस न आठवणं वयानं होतं. पण रोजच्या पदार्थातल्या पायऱ्यांचा क्रम चुकायला लागणं, गॅस वारंवार चालू राहणं, तेच काही मिनिटांत पुन्हा विचारणं, हे "वय झालं" म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. बी-१२ची कमतरता, थायरॉइड, औषधांचा परिणाम, कमी ऐकू येणं यांमुळेही असं होतं आणि त्यावर इलाज आहेत.


दोन_ताटं :

पाचानं भागण्याबद्दल. मीठ आणि जिन्नस भागून चालतात. पाणी, तेल आणि वेळ भागून चालत नाही.

पाणी किती उडतं हे पातेल्याच्या तोंडावर, आचेवर आणि वेळेवर ठरतं, आत डाळ किती आहे यावर नाही. त्याच रुंद पातेल्यात निम्मा पदार्थ केला तर वाफ जवळजवळ तेवढीच जाते, म्हणजे त्या मानानं दुप्पट आटतं. तांदूळ स्वतःच्या आकारमानाइतकंच पाणी पितात, बाकीचं सगळं वाफेत जातं. दोन वाट्या तांदळाला तीन वाट्या पाणी बसत असेल तर दोन वाट्या तांदळानं प्यायलं आणि एक उडालं. अर्ध्या वाटी तांदळाला पाऊण वाटी घातलंत तर उडायला पाव वाटीच उरते आणि भात कच्चा राहतो, खाली लागतो. त्याच भांड्यात दीड वाटीच्या आसपास लागेल. लहान, घट्ट झाकणाचं भांडं घेतलं तर त्याहून कमी. भांडं बदललं की नव्यानं मोजायचं, इलाज नाही.

तेल बुडाला पसरण्यापुरतं लागतंच, त्यामुळे पाचव्या हिश्शाच्या कांद्याला पाचव्या हिश्शाहून जास्त. आणि भांडं असं निवडा की आतल्या जिन्नसाचा थर पूर्वीइतकाच जाड राहील. मोठ्या कढईत मूठभर कांदा पातळ पसरतो आणि पाणी उडून भराभर करपतो. बटाटा उकडायला लागणारा वेळ फोडीच्या आकारावर असतो, एक बटाटा असो की दहा. कुकरमध्ये पाणी किती कमी चालतं त्याची खालची मर्यादा कुकरच्या पुस्तिकेत असते, तिच्याखाली जाऊ नका. शिट्ट्याही वहीत लिहू नका. आच, वजनाची शिट्टी, आतलं भरण, सगळ्यावर त्या बदलतात. दाब आल्यानंतरची मिनिटं लिहा.

कमी करायला नको वाटत असेल तर चार जणांचं करून अर्धं ठेवा, पण नीट. शिजल्यापासून दोन तासांच्या आत उथळ डब्यांत काढून फ्रिजमध्ये, ५ अंश किंवा त्याखाली. खोल पातेल्यात मधला भाग कितीतरी वेळ कोमट राहतो. भातावर विशेष लक्ष ठेवा. त्यातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, बाहेर ठेवलेल्या भातात ते वाढून विष तयार करतात आणि ते विष पुन्हा गरम करून जात नाही. भात लगेच थंड करा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. बाकीचं तीन-चार दिवस. गरम करताना मध्यापर्यंत वाफ आली पाहिजे, ७५ अंश, आणि एकदाच. "वास घेऊन बघते" यावर सोडू नका. नाक मंद झालेलं असतं, आणि आजारी पाडणाऱ्या बऱ्याच जिवाणूंना वास येतच नाही. डब्यावर तारीख मोठ्या अक्षरात लिहा.


वहीतलं_पान :

सगळ्यांचे मनापासून आभार. एक शेवटचं : कृती पूर्ण लिहून झाली हे ओळखायचं कसं?


मंद_आच :

दुसऱ्या कुणालातरी, शक्यतो ज्यानं तो पदार्थ कधी केलेला नाही त्याला, फक्त वही देऊन करायला लावा. आजींना शेजारी खुर्चीवर बसवा आणि सांगा की काही चुकतंय असं वाटलं तरच बोला. त्या जिथे जिथे "अगं थांब" किंवा "आता नको" म्हणतील, तिथे वहीत एक ओळ राहून गेलेली आहे. ती त्याच क्षणी, त्यांच्याच शब्दांत लिहा. पहिल्या फेरीत अशा दहा-बारा जागा निघतात, दुसऱ्या फेरीत तीन-चार. एका पूर्ण फेरीत त्या काहीच बोलल्या नाहीत की ते पान झालं.

आणि ते बॉलपेननं किंवा शिसपेन्सिलीनं लिहा. जेलपेनची शाई ओल्या बोटानं पसरते. पावतीच्या कागदावर छापून ठेवू नका, तो काही वर्षांत कोरा होतो. अक्षरं इतकी मोठी काढा की वही हातभर लांब धरून आजींनाही वाचता येतील, कारण चुका त्याच काढणार आहेत.